लाल रंगाखालचा बाण

बाबांची अवजारांची पेटी धाकट्या बहिणीकडे गेली, त्याला आता अकरा वर्षं होतील. या वर्षांत मी जितक्या वेळा पांढुर्ण्याला तिच्या घरी गेले, तितक्या वेळा माझी नजर आधी त्या पेटीवर गेली आणि मग बहिणीवर. ती पाण्याचा गिलास घेऊन समोर उभी असायची. "बस ना बाई, उभी काहून राहिली?" मोठ्या बहिणीला आमच्याकडे बाई म्हणतात. मी तिला छोटी म्हणते, जरी ती आता पन्नाशीची आहे आणि मी सत्तावन्नची.

पेटी लोखंडाची, मिलिटरीच्या हिरव्या रंगाची, दोन माणसांनी मिळून उचलायची अशी. बाबा सौंसरला बसस्टँडमागच्या एका गॅरेजात मिस्त्री होते. त्यांच्या उस्तादाने दुसऱ्या महायुद्धानंतर नागपूरकडच्या एका लिलावात फौजेचा जुना ट्रक घेतला होता आणि त्याच्यावर लाकडी बॉडी चढवून बस केली होती. ही पेटी त्या ट्रकच्या पोटात आली. पुढे उस्तादाची नजर गेली, बोल्ट आणि बोट यांतला फरक कळेना झाला, तेव्हा त्यांनी ती बाबांच्या हवाली केली.

बाबांना इंग्रजी वाचता येत नव्हतं. त्याची त्यांना गरजही नव्हती. बोल्टाच्या डोक्याकडे एकदा पाहिलं की हात बरोबर त्याच मापाच्या पान्यावर जायचा. पण त्या पान्यांवर कोणी, काय, कशासाठी लिहून ठेवलं आहे, याचं त्यांना फार कुतूहल. मी सहावीत गेले, इंग्रजी सुरू झालं, तसं रविवारी दुपारी ते मला गॅरेजात घेऊन जायला लागले. घमेल्यात घासलेट ओतायचे, एकेक पाना बुडवून चिंधीने पुसायचे आणि माझ्या हातात द्यायचे.

"वाच. काय लिहून हाय?"

मी अक्षर-अक्षर लावून वाचायची. कुठे कारखान्याचं नाव, कुठे माप, कुठे नुसतेच दोन आकडे. एकदा एक खूण आली: तीन रेघा वर एका टोकाला येऊन मिळालेल्या.

"बाबा, हे अक्षर नाही."

"मंग काय होय?"

"कोंबडीचा पाय."

बाबा इतके हसले की त्यांच्या हातातला पाना घमेल्यात पडला आणि घासलेट माझ्या फ्रॉकवर उडालं. तेव्हापासून आमच्या घरात त्या खुणेला कोंबडीचा पायच म्हणायचे. छोटी तेव्हा चार-पाच वर्षांची होती. ती घमेल्याजवळ आली की बाबा तिला दूर करायचे, घासलेट तोंडात घालेल म्हणून. ते वाचन आमचं दोघांचंच होतं. त्या वयात मला वाटायचं, पेटी बाबांची आणि माझी आहे.

आम्ही दोघी बहिणीच, भाऊ नाही. माझं लग्न सौंसरमध्येच झालं. नवरा टपाल खात्यातला. त्याच्या नखाला कधी ग्रीस लागलं नाही. मी नगरपालिकेत जन्म-मृत्यूच्या नोंदीच्या टेबलावर लागले. छोटी पांढुर्ण्याला दिली. तिचा नवरा डिझेल इंजिनं आणि पंप दुरुस्त करतो, संत्र्याच्या बागांतून त्याला सारखं बोलावणं असतं. मी त्याला जवाईबापू म्हणते. माणूस भला आहे. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण त्याच्यावर चिडायला मला कधीच काही सापडलं नाही.

बाबा शेवटच्या दुखण्यात अंथरुणाला खिळले होते, तेव्हा एका सकाळी त्यांनी मला जवळ बसवलं. "पेटी छोटीच्या घरी जाऊ दे का? तिच्या घरी चालवाले हात हाय. तुह्या घरी तिले जंग लागन."

मी म्हटलं, "जाऊ द्या ना बाबा. मी काय करू लोखंडाचं?"

मी हे अगदी हलक्या आवाजात, हसून म्हटलं. त्यांना बरं वाटलेलं दिसलं. मला वाटत होतं ते आणखी एकदा विचारतील, "नक्की ना?" म्हणतील, आणि दुसऱ्या वेळी मी खरं काय ते सांगेन. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. तेरवीच्या दुसऱ्या दिवशी जवाईबापू आणि त्यांचा एक मित्र पेटी उचलून जीपमध्ये ठेवत होते आणि मी दारात उभी राहून "सांभाळून, हात चेंगरन" असं ओरडत होते.

मोबाइल घरोघरी आले, तसा मला एक नवा नाद लागला. जुनी अवजारं जमवणाऱ्या लोकांचे ग्रुप असतात. कोणी भंगारातून आणलेल्या पान्याचा फोटो टाकतो आणि विचारतो, हा कुठला, कोणत्या सालचा? त्यातल्या बऱ्याच फोटोंवर मला माझा कोंबडीचा पाय दिसला. तो ब्रिटिश सरकारचा बाण आहे, सरकारी मालावर मारायची खूण, हे मला तिथे कळलं. बाणाखाली इंग्रजी आय असेल तर तो माल हिंदुस्थान सरकारचा. बाणाच्या शेजारी दोन किंवा चार आकडे असतील तर ते साल.

मग मी अभ्यासालाच बसले. साल नसलं तरी काळ ओळखता येतो. लढाईच्या दिवसांत चकचकीत मुलामा द्यायला धातू मिळत नव्हता, म्हणून त्या काळचे पाने बहुधा काळे, बिनपॉलिशचे, कडेला घडाईची धार तशीच राहिलेले असतात. पोलाद वाचवायला तेव्हा बोल्टांची डोकी एक माप लहान केली गेली, म्हणून एकाच तोंडावर दोन मापं लिहिलेला पाना दिसला तर तो त्या बदलानंतरचा. नकली बाणही असतात. खरा बाण आणि त्याच्या भोवतीचं लोखंड एकसारखं झिजतं. नकली बाणाच्या कडा बोटाला टोचतात. लोधीखेड्याच्या भंगारवाल्याकडे मी सुट्टीच्या दिवशी जाऊन बसायची. तिथून मिळालेले चार पाने माझ्या कपाटात साड्यांच्या खाली आहेत. त्यांतल्या एकावरच बाण आहे, तोही अर्धा.

ग्रुपवर मला लोक सौंसरच्या मॅडम म्हणून ओळखायला लागले. नागपूरचे, पुण्याचे, कुठले कुठले लोक फोटो पाठवायचे. मी उत्तर द्यायची आणि ते बरोबर निघायचं. यात मला जो आनंद होता, तो सगळा सरळ नव्हता. पेटी छोटीकडे असली तरी पेटीत काय आहे ते मलाच कळतं, असं मी प्रत्येक उत्तराबरोबर स्वतःला सांगत होते.

एका दसऱ्याला जवाईबापूंनी दुकानात अवजारं मांडून पूजा केली. छोटीने त्याचा फोटो आपल्या मोबाइलवर स्टेटसला लावला: मधोमध उघडी पेटी, पान्यांना झेंडूची फुलं. तो फोटो कोणाकोणाकडून फिरत आमच्या ग्रुपवर आला. नागपूरचे एक निवृत्त इंजिनिअर साहेब, ग्रुपमधले सगळ्यांत जाणते, त्यांनी लगेच विचारलं, "ही पेटी कोणाची आहे?"

मी लिहिलं, "माझ्या वडिलांची."

बहिणीचं नाव काढलं नाही. साहेबांनी पाहायला येऊ का म्हणून विचारलं, तेव्हा मात्र पत्ता पांढुर्ण्याचा द्यावा लागला.

दिवाळी झाल्यावर एका रविवारी ते आले. मी सकाळच्याच बसने पांढुर्ण्याला पोचले होते. जवाईबापूंनी दुकानातल्या बाजेवर पेपर अंथरून सगळी अवजारं ओळीने मांडली. साहेबांनी खिशातून भिंग काढलं, वही काढली आणि मला म्हणाले, "मॅडम, तुम्ही सांगा, मी लिहितो."

तो पाऊण तास मी विसरणार नाही. मी एकेक पाना उचलत होते, बाण दाखवत होते, साल वाचत होते. हातोडीच्या डोक्यावरचा पुसट बाण मी बॅटरी तिरपी धरून त्यांना दाखवला, तेव्हा ते "वा!" म्हणाले. जवाईबापू हात मागे बांधून ऐकत होते. छोटी दारात उभी होती, पदराला हात पुसत. मला वाटलं, बाबा असते तर.

मग चहा आला. साहेबांनी कप हातात घेतला आणि छोटीकडे वळले. "ताई, खरं सांगू का? याचं सगळं श्रेय तुमचं. लोक असल्या पेट्या किलोवर विकून टाकतात. तुम्ही एक पाना हरवू दिला नाही. तुमचा आणि पेटीचा एक फोटो मला पाहिजे." आणि आपला फोन त्यांनी माझ्यासमोर धरला. "मॅडम, जरा काढता का?"

छोटीने पदर सारखा केला. पेटीच्या बाजूला स्टुलावर बसली आणि झाकणावर हात ठेवला, जसा आपण लेकराच्या पाठीवर ठेवतो. मी फोन डोळ्यांसमोर धरला. पडद्यावर ती होती आणि पेटी होती. कोणीतरी म्हणेल, बाई तूपण बस, मी काढतो, अशी मी क्षणभर वाट पाहिली. कोणी म्हटलं नाही. मी बटण दाबलं.

बाजेवर पाहायचा आता एकच पाना राहिला होता. दोन्हीकडे तोंड असलेला, सडपातळ, टोकापासून टोकापर्यंत लाल ऑइलपेंटने माखलेला. हा पाना दुसऱ्या गॅरेजवाले सारखे मागून न्यायचे, म्हणून बाबांनी त्याला ओळखीसाठी लाल रंग दिला होता. दर दोन-तीन वर्षांनी आणखी एक हात. साहेबांनी तो भिंगाखाली धरला, नखाने खरवडून पाहिला. रंगाचा टवकाही निघेना.

"याच्यावर काही दिसत नाही. मॅडम, तुम्हाला काही आठवतं?"

मला सगळं आठवत होतं. रंग लागायच्या आधी मी तो वाचला होता. मोठ्या तोंडाजवळ बाण, त्याच्या खाली आय, आणि बाजूला चार आणि तीन. पेटीतल्या बाकी सगळ्या पान्यांवर नुसता बाण होता. आय असलेला हा एकटाच. साहेब ज्याच्यासाठी इतक्या लांबून आले होते तो हाच, हे त्यांनाच माहीत नव्हतं.

मी म्हटलं, "नाही. हा बाबांनी नंतर घेतला असेल, बाजारातला."

साहेबांनी वहीत काही लिहिलं नाही. पाना बाजूला ठेवला. छोटी म्हणाली, "बाई म्हणते तं नसनच काही त्याच्यावर."

परतीच्या बसमध्ये मी खिडकीशी बसले होते. बाहेर कापसाची वेचणी चालू होती. पहिली काही मिनिटं मला चांगलं वाटत होतं, हे मी नाकारत नाही. तिच्या पेटीत एक गोष्ट अशी होती जी फक्त माझी होती. ती तिला दिसत नव्हती, साहेबांना दिसत नव्हती. सौंसर येईपर्यंत ते चांगलं वाटणं उतरलं होतं आणि माझं डोकं दुखायला लागलं होतं. दोन दिवसांनी छोटीचा फोन आला. "बाई, तुह्या हाताले काही झालं का?" मी म्हटलं, "नाही तं, काहून?" ती म्हणाली, "असंच," आणि दुसरं काही बोलून तिने फोन ठेवला. मला त्याचा अर्थ तेव्हा लागला नाही.

जानेवारी सरत आली होती. मी ऑफिसात टेबलावर होते, समोर एक माणूस आपल्या आईच्या मृत्यूचा दाखला घ्यायला उभा होता. फोन वाजला. छोटीने एक फोटो पाठवला होता आणि खाली बोलून रेकॉर्ड केलेला आवाज. मी आवाज कानाशी धरला.

"बाई, पाहून तं घे! तिगावच्या एका बागेत इंजिनाच्या मागचा नट निंघून नव्हता राहिला. कोणताच पाना तेथवर जाये ना. मंग ह्यायनं तो लाल पाना भट्टीत तापवला आन वाकवला. तू म्हणलं होतं ना, तो बाजारातला हाय, म्हणून त्याच्यावरच हात टाकला, बाकीच्यायले धक्का नाही लावला. आन रंग जळाला तं खालून काय निंघालं पाह्य! कोंबडीचा पाय! आता याचं साल सांग मले."

तिचा आवाज इतका खूश होता. तिला वाटत होतं, आम्हा दोघींना काहीतरी सापडलं आहे.

फोटोत पाना मधोमध काटकोनात वाकलेला होता. तारेच्या ब्रशने घासल्यामुळे तोंडाजवळचं लोखंड उघडं पडलं होतं. बाण, आय, त्रेचाळीस. पंचेचाळीस वर्षांपूर्वी मी वाचलं होतं तसंच.

"मैडम, तारीख देख के लिखना," समोरचा माणूस म्हणाला. मी चुकीची तारीख लिहिली होती. कागद फाडून दुसरा घेतला.

छोटीला मी दिवसभर उत्तर दिलं नाही. खोटं बोलायला जागा होती. रंग होता, मला कसं दिसणार, असं म्हटलं असतं तर तिने दुसरा प्रश्न विचारला नसता. रात्री जेवताना नवऱ्याने विचारलं, काय झालं? मी म्हटलं, काही नाही. रविवारी मी पांढुर्ण्याला गेले.

दुकानाच्या मागे त्यांचं घर आहे. छोटी ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. जवाईबापू मला पाहून आतून तो पाना घेऊनच बाहेर आले. "पाहा बाई, आता कोणताबी अडचणीतला नट एका झटक्यात खुलते. असा पाना बाजारात भेटत नाही."

मी तो हातात घेतला. वाकवलेल्या जागी लोखंड निळसर-काळं झालं होतं. मी तो परत दिला आणि छोटीच्या समोर बसले.

"मले मालूम होतं," मी म्हटलं.

"काय?"

"ह्याच्यावर बाण हाय म्हणून. साल बी मालूम होतं."

"कवापासून?"

"सहावीत होती तवापासून. बाबायले मीच वाचून दाखवलं होतं. रंग मागून देल्ला त्यायनं."

तिच्या हातातली शेंग अर्धी उघडलेली तशीच राहिली. "मंग सायबाले काहून नाही सांगतलं?"

बसमध्ये मी बरीच वाक्यं तयार केली होती. बाबांचं, पेटीचं, लहानपणाचं. तोंडातून एवढंच निघालं, "तुहा फोटो काढाले लावला मले."

ते इतकं बारीक कारण होतं की मला माझीच शरम वाटली. जवाईबापूंनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा बायकोकडे, आणि पाना घेऊन दुकानात निघून गेले. थोड्या वेळाने आतून ठोकाठोकीचा आवाज यायला लागला. त्यांना तेव्हा काही काम नव्हतं, हे मला माहीत होतं.

छोटीने चिकट हातानेच फोन काढला, बराच वेळ काहीतरी शोधलं आणि माझ्यासमोर धरला. साहेबांनी तिला पाठवलेला तोच फोटो. सगळा हललेला. पेटीच्या दोन पेट्या दिसत होत्या, छोटीचं तोंड पुसल्यासारखं.

"मी म्हणलं, बाईचा हात दुखत असन. म्हणून फोन केला होता तुले."

ती शेंगा सोलायला लागली. टोपल्यात दाणे पडत होते. मग ती बोलली, आणि आता तिचा आवाज चढलेला होता.

"पेटी पाहिजे होती तं बाबायले सांगाची ना तवाच. म्या काय हिसकून आणली का?"

"मीच नाही म्हटलं होतं त्यायले."

"हो ना. तुनं नाही म्हणलं म्हणून आणली आमी. दहा वर्सं झाले, दर महिन्याले तेल लावतो मी तिले. मी. हे नाही लावत." तिने दुकानाकडे हात केला. "आन तू येते, पाहते, जाते. मले वाटे, बाबाची आठवण येत असन बाईले. आता देत नाही मी पेटी तुले."

"मी मागाले आली नाही."

"मागू बी नको."

मी उठले. बस अर्ध्या तासाने होती. ती मान वर न करता म्हणाली, "जेवून जाय. भाकरी टाकतो." तिने ते असं म्हटलं की नाही म्हणायची माझी हिंमत झाली नाही. आम्ही दोघी जेवलो. जवाईबापू आले नाहीत.

त्या आठवड्यात मी नागपूरच्या साहेबांना सगळं लिहून पाठवलं. पाना कुठला, त्यावर काय आहे, मला ते माहीत होतं, आणि आता त्याचं काय झालं आहे. कारण लिहिलं नाही. ते त्यांना कळलं असतं असं मला वाटत नाही. दोन दिवसांनी उत्तर आलं. फार सभ्य उत्तर होतं. पान्याचं वाईट वाटलं, पण लोखंड वापरासाठीच असतं, असं त्यांनी लिहिलं होतं. आणि शेवटी, "मॅडम, गैरसमज करून घेऊ नका, पण बाकीच्या अवजारांचे जे काळ तुम्ही सांगितलेत, ते आता मी एकदा दुसऱ्या कोणाकडून तपासून घेतो."

बाकी सगळे मी खरे सांगितले होते. पण ते त्यांनी कशाच्या जोरावर मानावं? त्यांनी ग्रुपवर एक अक्षर काढलं नाही, तरी मी स्वतःच तिथे गप्प झाले. कोणी फोटो टाकला की मला उत्तर माहीत असायचं. लिहायची, आणि पाठवायच्या आधी पुसून टाकायची.

उन्हाळा गेला, पावसाळा गेला. छोटीचे फोन सणासुदीपुरते झाले. मग एक दिवस तिचा फोन आला आणि इकडचं तिकडचं न विचारता ती म्हणाली, "सायबानं नागपूरले परदर्शन ठेवलं हाय, जुन्या अवजारायचं. दोन दिवस. पेटी घेऊन बलावलं हाय. ह्यायले सवड नाही, बागायचे कामं हायत. येशीन का संग? एकटीच्यानं उचलत नाही ते."

मी म्हटलं, "येतो."

एका सभागृहात टेबलं मांडली होती. आम्ही दोघींनी पेटी दोन कड्या धरून आत नेली. साहेबांनी मला नमस्कार केला, तब्येत विचारली. सगळ्या पान्यांखाली त्यांनी छापलेल्या चिठ्ठ्या लावल्या होत्या. मी एकेक वाचत गेले. मी सांगितलेलीच सालं होती, एकही बदललेलं नव्हतं. वाकलेला पानाही छोटीने आणला होता, साहेबांनीच आणायला सांगितला होता. त्याच्या खाली बाण, आय, साल आणि मग लिहिलं होतं: मालकाने कामासाठी वाकवलेला.

लोक आले आणि सरळ छोटीला विचारायला लागले. टेबलामागे ती उभी होती, मी बाजूला खुर्चीवर. आणि ती उत्तरं देत होती. बाण कशाचा, आय कशाचा. हे सगळं तिने कधी शिकून घेतलं, मला पत्ताही नव्हता. तिच्याभोवती सात-आठ माणसं जमली, एकाने तिचा व्हिडिओ काढायला घेतला, आणि तिचा फोटो काढताना जे वाटलं होतं, तेच मला पुन्हा वाटायला लागलं. मला वाटलं होतं, ते गेलं असेल.

एका बाईने विचारलं, "हे सगळे पाने असे काळे का? चमकत का नाहीत?"

छोटी म्हणाली, "जुने हायत ना. काळे पडले."

मी तोंड उघडलं आणि मिटलं. तिथे, त्या सगळ्या लोकांपुढे, मी तिला दुरुस्त केलं असतं तर ते कशासाठी केलं असतं, हे माझं मलाच सांगता आलं नसतं.

पेटी हॉलमध्येच कुलपात ठेवून संध्याकाळी आम्ही बसने सौंसरला निघालो. रात्रभर छोटी माझ्याकडे राहणार होती. सावनेर मागे पडल्यावर मी तिला सांगितलं, की ते पाने वयाने काळे पडलेले नाहीत. लढाईत मुलामा द्यायला धातू नव्हता, म्हणून ते काळेच निघाले कारखान्यातून.

ती माझ्याकडे वळली. "मंग तवाच काहून नाही सांगतलं?"

"लोकं होते ना तेथं."

"म्हंजे सारा दिवस मले चुकीचं बोलू देल्लं? किती लोकायले सांगतलं मी ते!"

"मले वाटलं तुले खराब वाटन."

"आन आता चांगलं वाटून राहिलं का मले?" पुढच्या सीटवरचा म्हातारा मागे वळून पाहायला लागला. तिने आवाज खाली आणला, पण बोलायची थांबली नाही. "सायबाले नाही सांगत, मले नाही सांगत. सारं पोटात घेऊन बसते. उद्या मी चुकली तं तेथंच टोक मले."

"साऱ्यायपुढं?"

"साऱ्यायपुढं."

दुसऱ्या दिवशी मी तिला तीनदा टोकलं. पहिल्या वेळी तिने "हा, बाई म्हणते ते बराबर" म्हणून लोकांना पुन्हा सांगितलं. दुसऱ्या वेळी नुसती मान हलवली. तिसऱ्या वेळी तिने हातातला पाना टेबलावर ठेवला, कमरेवर हात ठेवून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "बाई, जाय, दोन चहा घेऊन ये."